कोलंबीच्या वाटेवरचे जकातनाके

(रत्नागिरी येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



27 ऑगस्ट 2025 हा दिवस आपल्यापैकी प्रत्येकाच्या स्मरणात असेल. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मुंबईचा चाकरमानी कोकणात पोहोचला होता, घराघरांत गणपतीची प्रतिष्ठापना चालू होती. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के अतिरिक्त आयातशुल्क लागू केले. आधीचे 25 टक्के 7 ऑगस्टला लागू झालेच होते. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत हा आकडा दहावरून पन्नासावर गेला. कोलंबीवर तर डम्पिंगविरोधी शुल्क आणि प्रतिशुल्क यांचा बोजा पूर्वीपासूनच होता. सगळे मिळून ओझे 58 टक्क्यांच्या घरात गेले.

हे आकडे पुढेही चढतील आणि उतरतील. एका सहीने चढलेला दर दुसऱ्या सहीने उतरतो. म्हणून आज मला केवळ त्या आकड्याविषयी बोलायचे नाही. ज्याच्या ताटातला घास अशा सहीवर अवलंबून राहतो, त्या लहान माणसाविषयी बोलायचे आहे.

प्रथम या व्यवसायाचा आवाका लक्षात घेऊ. 2024-25 या आर्थिक वर्षात भारताने सुमारे 16 लाख 98 हजार टन सागरी उत्पादने निर्यात केली आणि त्यांचे मूल्य 62,408 कोटी रुपये होते. डॉलरमध्ये सांगायचे तर 7.45 अब्ज. त्यात गोठवलेल्या कोलंबीचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक, आणि एकट्या अमेरिकेची खरेदी 2.71 अब्ज डॉलरची. एकच माल आणि एकच मोठे गिऱ्हाईक, अशी ही रचना आहे. घरचा किराणा दुकानदारही एका गिऱ्हाइकावर दुकान चालवीत नाही. आपण मात्र एक अख्खा उद्योग जवळजवळ त्या पद्धतीने उभा केला.

कोणी म्हणेल, ही कोलंबी आंध्र प्रदेशातील तलावांतली; आमच्या मिरकरवाड्याशी, हर्णैशी तिचा काय संबंध? संबंध आहे. अमेरिकेची वाट अडली की तीच कोलंबी युरोप, जपान, चीन आणि आपल्या देशातील बाजाराकडे वळते. तेथे भाव पडतात. मग कोकणच्या समुद्रात पकडलेल्या कोलंबीला, माकूलला गिऱ्हाईक मिळवताना प्रक्रिया कारखानदार हात आखडता घेतो. गोठवणगृहात माल साचला की लिलावाच्या ठिकाणी बोली खाली येते. समुद्र जसा एक आहे, तसा बाजारही एकच आहे.

ओझे उताराकडेच वाहते

मित्रहो, या व्यवसायातील लहान निर्यातदार कोण असतो? त्याच्या मालकीचा मोठा कारखाना नसतो. दुसऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात भाड्याने जागा घेऊन तो माल गोठवतो. हंगामात मोजके कंटेनर पाठवतो. त्यासाठी बँकेचे कर्ज काढतो, आणि बंदरावरील एजंटला आगाऊ रक्कम देतो. तो एजंट तीच रक्कम बोटमालकाला डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी उचल म्हणून देतो. ज्याने उचल घेतली, त्याला भाव वाढवून मागण्याची सोय उरत नाही. जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो.

आता वर शुल्क वाढले. परदेशी खरेदीदार म्हणतो, भाव कमी करा. निर्यातदार एजंटला सांगतो, एजंट बोटमालकाला सांगतो. बोटीवर तांडेल आणि खलाशी यांची मिळकत मासळीच्या उत्पन्नातून निघते, तेथे कात्री लागते. सर्वांत शेवटी असते ती कोलंबी सोलणारी बाई. तिला किलोमागे पैसे मिळतात. माल आला नाही तर काम नाही, आणि काम नाही तर मजुरी नाही. वरच्या प्रत्येकाला ओझे खाली सरकवायला कोणीतरी आहे. तिच्या खाली कोणीच नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या ससून डॉकमध्ये बातमीसाठी गेलो असता अशाच एका मावशींशी बोललो होतो. बर्फाच्या पाण्याने त्यांच्या बोटांची कातडी सोलवटली होती. "हा माल जातो कुठे?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "कुठं जातो ते शेठला ठाऊक. नाही गेला की मात्र आधी आमाला कळतं." जागतिक व्यापाराविषयी मी बरेच वाचले आहे, पण इतके नेमके वाक्य मला कोठे आढळले नाही.

न दिसणारी कुंपणे

शुल्क ही दिसणारी भिंत आहे. तिची बातमी होते, तिच्यावर वाहिन्यांवर चर्चा रंगतात. परंतु लहान निर्यातदाराला अधिक जाचतात ती न दिसणारी कुंपणे. 1997 मध्ये स्वच्छतेच्या निकषांवरून युरोपीय संघाने भारतीय सागरी उत्पादनांवर बंदी घातली. ती काही महिन्यांत उठली, पण तोवर कारखाने नव्याने बांधण्याचा खर्च सोसणे आले. ज्यांच्याजवळ भांडवल होते ते तरले. 2005 मध्ये अमेरिकेने डम्पिंगविरोधी शुल्क लावले आणि बहुसंख्य भारतीय निर्यातदारांच्या वाट्याला 10.17 टक्के दर आला. 1 जानेवारी 2010 पासून युरोपात जाणाऱ्या, समुद्रात पकडलेल्या मासळीबरोबर ती कोणत्या बोटीने, कोठे पकडली याचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. सागरी सस्तन प्राण्यांना इजा होऊ न देण्याविषयीच्या अमेरिकन नियमासाठी तर आपल्या शास्त्रज्ञांना डॉल्फिन आणि देवमाशांची सर्वेक्षणे करावी लागली. तो नियम 1 जानेवारी 2026 पासून अमलात आला.

यातील प्रत्येक नियमामागे काही ना काही वाजवी हेतू सांगता येईल. परंतु प्रमाणपत्राचा, तपासणीचा, नोंदींचा खर्च एका कंटेनरला जितका, जवळपास तितकाच शंभर कंटेनरना. मोठ्याला तो किरकोळ वाटतो, लहानाचा सगळा नफा त्यात जातो. कुंपणाची उंची सर्वांना सारखी असली, तरी उडी मारणाऱ्यांची ताकद सारखी नसते.

कासवाचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. ट्रॉल जाळ्यात कासवांना बाहेर पडण्याची वाट ठेवणारे साधन बसवलेले नसेल, तर तेथील कोलंबी घ्यायची नाही, असा अमेरिकेचा 1989 सालचा कायदा आहे. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1998 च्या निकालात अमेरिकेने नियम लावण्यात भेदभाव केल्याचे ठरले. पण कासवरक्षणाचा हेतू मान्य झाला आणि कायदा टिकला. पुढे 2018-19 च्या सुमारास समुद्रात पकडलेल्या भारतीय कोलंबीला अमेरिकेचे दार बंद झाले.

आणि याच जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकऱ्यांच्या साहाय्याने राखली जात आहेत. जाळ्यात सापडलेले कासव सोडवण्यासाठी आपला कोळी स्वतःचे जाळे कापतो. त्याची भरपाई देणारी 25,000 रुपयांपर्यंतची योजना महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये सुरू केली. कूर्माला अवतार मानणाऱ्या समाजाला कासवाची दया वॉशिंग्टनहून शिकावी लागत नाही. परंतु आपली श्रद्धा कागदावर नोंदलेली नाही, मोजलेली नाही, म्हणून बाजारात तिला किंमत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे.

छत्रपतींचा धडा

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आपल्या उत्पादकाचे रक्षण करणे हा प्रत्येक राज्यकर्त्याचा अधिकार आहे. 1671 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पाठवलेले मिठाविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या अमलाखालील बारदेशचे स्वस्त मीठ कोकणात येऊन स्वराज्यातील मीठउत्पादक बुडू नयेत, म्हणून त्या मिठावर भारी जकात बसवण्याची आज्ञा त्यात आहे. तेव्हा जकात हे पाप आहे, असे आपण म्हणू शकत नाही. अमेरिका आपल्या मच्छीमारांचे हित पाहते. आपण आपल्यांचे पाहतो का, हा खरा प्रश्न आहे. महाराजांच्या पत्रात केंद्रस्थानी बडा व्यापारी नव्हता, मिठागरावर राबणारा माणूस होता. दीनदयाळजींच्या अंत्योदयाचा अर्थ याहून वेगळा नाही.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट सहकाराची. किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्था डिझेल आणि बर्फ पुरवतात. त्यांनीच पकडीच्या नोंदी, मालाची तपासणी आणि प्रमाणपत्रे यांची सामाईक व्यवस्था उभारावी. एकट्याला न पेलणारा खर्च पन्नास जणांत वाटला तर पेलतो. सहकार भारतीसारख्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना येथे वर्षानुवर्षे पुरेल इतके काम आहे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने आणखी 102 भारतीय मत्स्य आस्थापनांना मान्यता दिली. ही दारे उघडत आहेत, त्यांचे स्वागत असो. पण सर्वांत मोठा बाजार आपल्या दाराशीच आहे. रत्नागिरीची कोलंबी परदेशात ताजी पोहोचते आणि विदर्भात पोहोचताना शिळी होते, ही आपल्या शीतसाखळीची शोकांतिका आहे. स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी वस्तू नाकारणे नव्हे. आपल्या माणसाच्या मालाला आपले गिऱ्हाईक मिळवून देणे, हाही स्वदेशीचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट आपल्या शिस्तीची, आणि ती बोलताना संकोच वाटतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. तरीही रात्री क्षितिजावर ते दिवे दिसतात, असे पारंपरिक मच्छीमार सांगतात. बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्ले मरतात. कासववाट ठेवणारे साधन आपल्याच संस्थांनी आपल्या जाळ्यांसाठी विकसित केले आहे. ते अमेरिकेसाठी बसवू नका. आपल्या समुद्रासाठी बसवा. समुद्रच रिता झाला, तर कोणत्याही देशाने शुल्क शून्यावर आणले तरी पाठवायला काय उरेल?

बंधुभगिनींनो, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करतात तेव्हा ते शांत पाण्याची प्रार्थना करतात. लाटांवर आपला अधिकार चालत नाही. परदेशी राजधानीतील निर्णयांवरही चालत नाही. पण बोट मजबूत बांधणे आपल्या हाती असते. आज येथून घरी जाताना बाजारात कोलंबी घ्याल, तेव्हा ती सोलणाऱ्या हातांची आठवण ठेवा. पुढच्या वेळी परदेशात माल अडला, तर त्याची पहिली झळ त्या हातांना बसणार नाही अशी व्यवस्था उभारणे, एवढे काम आपल्या पिढीने केले तरी पुष्कळ झाले.