ट्रॅकवर उतरण्याआधी चाकांचे कोन

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर स्वतःची गाडी चालवायची असेल, तर आधी व्हील अलाइनमेंटकडे बघा.

वेगात वळताना गाडी कलते आणि बाहेरच्या टायरची फक्त बाहेरची कड घासत राहते. चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवला, तर वळणावर टायर पूर्ण रुंदीने टेकतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. रोजच्या गाडीत तो साधारण 0 ते 1 अंश असतो. ट्रॅकसाठी पुढच्या चाकांना बहुधा 2 ते 3 अंश देतात. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, बदलतो, म्हणून टो पुन्हा तपासा. पुढे किंचित टो-आउट असेल तर गाडी चटकन वळते. मागे थोडा टो-इन तिला स्थिर ठेवतो.

फेऱ्या मारून आल्याबरोबर टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर मोजा. बाहेरची कड जास्त तापली असेल, तर कॅम्बर कमी पडतोय. एका वेळी एकच बदल करा आणि नोंद ठेवा.

ट्रॅकचं सेटिंग रोजच्या रस्त्यावर टायर आतून लवकर झिजवतं. म्हणून परतल्यावर अलाइनमेंट पूर्ववत करून घ्या.