जुनी गाणी आणि आपल्या ओव्या



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्यावे.

मुलाने भोरच्या आमच्या घरी जुन्या गाण्यांचा संच आणला. त्यात माणिक वर्मा, गजाननराव वाटवे आहेत. गदिमा व सुधीर फडके यांचे, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांत झालेले गीतरामायणही आहे. सासूबाईंना माझे नाव रोज सांगावे लागते. पण गीत लागले की पुढची ओळ त्या आधी म्हणतात.

माझे माहेर वेल्ह्याचे. आईच्या जात्यावरच्या ओव्या कुठल्याच संचात नाहीत, आईबरोबरच गेल्या. म्हणून सासूबाईंच्या ओव्या मी वहीत उतरवते आहे. भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांजवळ आजच बसा, विचारा, लिहून घ्या.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवते.