पावती स्वतः सांगेल
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, मागे प्रसादाची पातेली आली आहेत, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. कार्यवाहांनी विषय दिला तो असा : मोठी वेब ॲप्लिकेशन्स करायला मुले शिकतात म्हणजे नेमके काय शिकतात? आपल्यापैकी बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी अमीरपेटला क्लासला जाते. फी आपण भरतो, पण पोरगा काय शिकतो ते विचारायचा धीर होत नाही!

मीही तिथलाच विद्यार्थी. २००४ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पहाटेच्या बसने बेगमपेटवरून अमीरपेट गाठायचो. मैत्रीवनमच्या आसपास भिंत दिसत नसे, नुसत्या पाट्या : कोअर जावा, सर्व्हलेट, स्ट्रट्स, हायबरनेट. स्प्रिंगची पहिली आवृत्ती त्याच वर्षी आली होती. सर फळ्यावर लिहीत, आम्ही उतरवून घेत होतो. तीन महिन्यांत मला सगळे शब्द पाठ झाले.

त्या जोरावर मी मंडळाच्या वर्गणीचा प्रोग्रॅम केला. सगळे एकाच पानात कोंबले : नाव घेणे, रक्कम काढणे, नोंद करणे, पावती छापणे. पहिल्या वर्षी कौतुक झाले, शालही मिळाली. दुसऱ्या वर्षी ठरले की आजीव सभासदांना निम्मी वर्गणी. हा हिशेब माझ्या प्रोग्रॅममध्ये तीन ठिकाणी होता, मी दोनच ठिकाणी बदलला. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री पावत्या आणि खतावणीत १,१५० रुपयांचा फरक आला. आमचे खजिनदार अण्णा स्थळप्रतींचा गठ्ठा घेऊन रात्री दोनपर्यंत बसले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "माझ्या पावतीवर रक्कम एकदाच लिहिलेली असते. तुमचा कॉम्प्युटर तीन जणांना का विचारतो?"

क्लासमध्ये जे कळले नव्हते ते त्या रात्री कळले. ऑब्जेक्ट म्हणजे आपली माहिती आणि त्या माहितीचे नियम दोन्ही स्वतःजवळ ठेवणारी वस्तू. रक्कम बाहेर मोजायची नाही, पावतीला विचारायची. आजीव सभासदाची पावती ही पावतीच, फक्त रकमेचा नियम तिचा वेगळा. बाकी सगळे तिला वारशाने मिळते. ही कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वेत डाल आणि नायगार्ड या दोघांनी सिम्युला भाषेत आणली. माहिती, पडद्यावरचे रूप आणि मधला कारभारी यांना वेगळे ठेवायची पद्धतही ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्याच गृहस्थांनी १९७९च्या सुमारास झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मांडली. थंडीत घरी बसून माणसे काय काय करतात!

आता फ्रेमवर्क. लायब्ररीला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क आपल्याला हाक मारते. आपल्या उत्सवासारखेच आहे ते. आरतीची वेळ, मंच, माईक, निवेदन सगळे ठरलेले. तुम्ही तुमचे गाणे बसवून यायचे आणि नाव पुकारले की उभे राहायचे. त्यामुळे नवशिक्याला फार लवकर यश येते, आणि घोटाळा तिथेच आहे. मंच दुसऱ्याने बांधलेला असतो, गाणे मात्र बसवलेलेच नसते.

माझ्या भाच्याचे तेच झाले. तीन कोर्स, तीन प्रमाणपत्रे. मुलाखतीत एकच प्रश्न आला : डेटाबेसमधला हिशेब पडद्याच्या पानात का लिहू नये? त्याला उत्तर आले नाही. घरी येऊन दार लावून बसला. ताईने फीसाठी ठेव मोडली होती, हे त्याला ठाऊक होते.

मी त्याला आपल्या स्टेशनवरच्या आरक्षणाचे उदाहरण दिले. रेल्वेची 'कॉन्सर्ट' ही आरक्षण प्रणाली १९९४ मध्ये पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्या सिकंदराबादला. जावा तर १९९५ साली आली, म्हणजे त्यात जावा असण्याचा प्रश्नच नव्हता. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागले, पुढे मोबाईलवर. पण खिडकीवर मिळणारा बर्थ आणि घरबसल्या मिळणारा बर्थ एकाच साठ्यातले. बर्थ रिकामा आहे की नाही, हे खिडकीने एक आणि मोबाईलने दुसरे ठरवले, तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये एका बर्थवर दोन कुटुंबे भांडत बसतील. दारे कितीही वाढोत, नियम राहायचा एकाच घरी.

मग चार महिने तो रविवारी माझ्याकडे येई. वर्गणीचा प्रोग्रॅम आम्ही नव्याने लिहिला, आधी कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय. अण्णा दर आठवड्याला नवा नियम काढत : अन्नदानाची देणगी वेगळी, चेक परत आला तर पावती रद्द, पण क्रमांक तसाच ठेवायचा. भाचा वैतागून म्हणायचा, "मामा, अण्णांना जरा थांबवा ना." मी थांबवले नाही. खरी गिऱ्हाइके अशीच असतात. पावतीची वस्तू नीट जमली, तेव्हा स्प्रिंगमध्ये बसवायला दोन रविवार पुरले. हायबरनेट कशासाठी आहे तेही त्याला तेव्हा उमगले : टेबलातली ओळ उचलून तिची पावती करणे आणि पावतीची पुन्हा ओळ करणे. हे काम हाताने पन्नास वेळा केल्यावरच त्या सोयीची किंमत कळते.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. चौथ्या कोर्सची फी भरण्याआधी मुलाला विचारा, "तू केलेले काही कोणी वापरते का?" गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी असो की वाचनालयाची पुस्तके, वर्षभर कोणीतरी वापरले पाहिजे आणि मध्येच मत बदलले पाहिजे.

यंदा प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर पावत्या निघताहेत त्या भाच्याच्याच प्रोग्रॅममधून. ज्या मुलांना आतली रचना बघायची असेल त्यांनी उद्या संध्याकाळी सहाला यावे, तो तिथे बसेल. शेजारी अण्णाही असतील, स्थळप्रतींचा गठ्ठा घेऊन. अजून त्यांनी तो सोडलेला नाही.