बिनतिकिटाचे प्रवासी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे आपण निवडून सोडतो. बाकीची वस्ती न सांगता येते. समुद्रातला सच्छिद्र खडक, ज्याला हौशी लोक ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, टाकीत ठेवला की त्याच्या भोकाभोकांतून हे बिनतिकिटाचे प्रवासी बाहेर पडू लागतात. कुणी पहिल्याच रात्री, कुणी कितीतरी महिन्यांनी. मग घरात एकच चर्चा: हा कोण, आणि याला ठेवायचा की काढायचा?

आधी कान द्या. रात्री काच तडकल्यासारखा ‘टक्’ आवाज आला, तर संशयित दोन. एक पिस्टल श्रिंप. याची एक नांगी दुसरीपेक्षा भलतीच मोठी. ती झटक्यात मिटली की पाण्याची धार सुटते, तिच्यात बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना आवाज होतो. आवाज नांगी आपटल्याचा नव्हे, हे नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली वेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं. हा गडी बहुधा निरुपद्रवी. याच्या काही जाती तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात नांदतात. दुसरा मॅन्टिस श्रिंप. देठावरचे, स्वतंत्र फिरणारे डोळे, आणि ठोसा असा की कवच फुटतं. सकाळी गोगलगायींची फुटकी कवचं सापडू लागली, तर याचाच संशय घ्या. बोटाने डिवचू मात्र नका.

मुक्या पाहुण्यांसाठी लाल उजेडाची बॅटरी बरी. त्या उजेडात ते सहसा बुजत नाहीत. मेलेल्या माशाभोवती केसाळ किडे दिसले की खुनी सापडला असं वाटतं. बहुतेकदा मासा आधीच मेलेला असतो, हे बिचारे सफाईला आलेले. हातमोजे तेवढे घाला; त्यांचे केस कातडीत रुततात आणि आग होते.

पण कधी कधी आरोपी खराच निघतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये न्यूकी इथल्या मत्स्यालयात प्रवाळं तुटू लागली. लावलेल्या सापळ्यांचा उपयोग होईना. २००९ साली कर्मचाऱ्यांनी अख्खी सजावट दगड-दगड करून उचलली, तेव्हा सुमारे चार फुटी समुद्री किडा सापडला! त्याचं नाव ठेवलं बॅरी, आणि त्याला वेगळी टाकी दिली. मला हा निवाडा आवडला.

आयप्टेशिया नावाचं तपकिरी, पारदर्शक समुद्रफूल दिसलं, तर चिरडू नका. उरलेल्या तुकड्यांतून नवी फुलं उगवतात. पेपरमिंट श्रिंप ते खातो; हे काम त्याच्यावर सोपवा.

आणि हो, मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा खडक उचलून आणायचा बेत असेल तर तो आजच सोडा. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.