अपस्माराची गोळी आणि मुलाचा स्वभाव
(माळशिरस येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अपस्मार झालेल्या मुलाची विचारपूस खेड्यात एकाच प्रश्नाने होते : फेफरे थांबले का? दवाखान्यातही सहसा हाच प्रश्न विचारला जातो. फेफरे थांबल्यावर मूल कसे वागू लागले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

फिनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेले, अत्यंत स्वस्त आणि गुणकारी औषध. जागतिक आरोग्य संघटना गरीब देशांसाठी त्याची शिफारस करीत आली आहे. परंतु ते घेऊन काही मुले सुस्तावतात. काही उलट अनावर होतात, चिडतात, वर्गात त्यांचे लक्ष लागत नाही. तापात झटके येणाऱ्या लहान मुलांना हे औषध दिले असता त्यांचा बुद्ध्यंक घसरल्याचे १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. नव्या औषधांपैकी लेव्हेटिरासेटॅमनेही काही मुले आक्रमक वा उदास होतात. गोळीची किंमत आणि तिचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. खर्चाचा काही भाग मुलाच्या शाळेच्या खात्यावर पडतो, व तो कोणी मांडीत नाही.

तथापि सारा दोष औषधाच्या माथी मारणेही योग्य नव्हे. पश्चिम बंगालच्या खेड्यांतील ९४ मुलांवर फिनोबार्बिटोन व फेनिटॉइन यांची तुलना झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत फिनोबार्बिटोनमुळे वर्तन अधिक बिघडल्याचे दिसले नाही. इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरील पाहणीत (१९७०) मेंदूची अन्य इजा नसलेल्या अपस्मारी मुलांपैकीही सुमारे २९ टक्क्यांना मानसिक त्रास आढळला; सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. म्हणजे आजार, घरची भीती, शाळेतील हेटाळणी, हे सारे त्यात आले. यांतले काय कोणामुळे, हे ठरविण्यासाठी गोळी सुरू होण्यापूर्वी मूल कसे होते याची नोंद हवी. ती माहिती आईजवळ आणि गुरुजींजवळ असते, केसपेपरवर नसते.

माळशिरसच्या साखरपट्ट्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबातील मुलाचा डॉक्टर बदलतो, शाळा सुटते. पोर किरकिरे झाले म्हणून आई गोळी बंद करते. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिचे निरीक्षण बरोबरच असते. पण फिनोबार्बिटोन एकाएकी तोडल्यास झटक्यांमागून झटके येऊन जीवही जाऊ शकतो. तिची तक्रार वेळीच ऐकली, तर मात्रा कमी करता येते, औषध हळूहळू बदलता येते.

यासाठी दुसरे औषध हाताशी हवे. सोलापूर शंभर किलोमीटरांहून दूर; एका फेरीत मजुरी बुडते. तेव्हा अकलूजच्या सरकारी रुग्णालयात पर्यायी औषधांचा साठा, केसपेपरवर झोप, चिडचिड व अभ्यास यांची नोंद, आणि ऊसतोड कुटुंबांना गावी परतताना दोन महिन्यांच्या गोळ्या, या तीन मागण्या कारखाने पेटण्यापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे लेखी ठेवाव्यात.