सामाईक दप्तराची किल्ली

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले, आणि त्या भांडाराची ओळख अभ्यासकांना घरबसल्या होऊं लागली. अशा दप्तरांतील एखादा मूळ कागद पाहावयाचा झाला, तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. दप्तरापर्यंतची वाट मोकळी हवी. कागद कोणत्या रुमालांत आहे हें ठाऊक हवें. आंत जाण्याची परवानगी हवी. आणि कागद हातीं आल्यावर मोडी वाचतां आली पाहिजे. चारांपैकीं एक जरी उणी पडली, तरी कागद जागच्या जागीं सुखरूप असूनहि पाहणाऱ्याला तो नसल्यासारखाच.

श्रोतेहो, हल्लीं पुण्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत असेंच एक लहानसें दप्तर नांदत असतें. कपाटावर ठेवलेली एक पेटी, तींत एक-दोन हार्ड डिस्का, आणि ती पेटी राउटरला तारेनें जोडलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. लग्नमुंजींचे फोटो, घराचें खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका, आजोबांच्या हस्ताक्षरांतील पत्रांच्या प्रती, सर्व कांहीं तींत सांठविलेलें असतें. आणि घरांतील प्रत्येकाला आपापल्या संगणकावरून तें उघडतां येतें.

आतां सदाशिव पेठेंतील एक घर डोळ्यांसमोर आणावें. मुलगी परगांवीं शिकावयास आहे. तिला तिच्या गुणपत्रिकेची प्रत सोमवारीं सकाळीं हजर करावयाची आहे. रविवारीं रात्रीं वडील संगणकाशीं बसतात, आणि परवांपर्यंत सहज उघडणारें फोल्डर आज उघडत नाहीं. मध्यंतरीं एकदां वीज गेली होती, आणि संगणकानेंहि आपली नवी आवृत्ति चढवून घेतली होती. वडिलांचा धीर सुटतो. कोणी फोनवरून सांगतो, "सुरक्षेचीं सगळीं बंधनें काढून टाका." दुसरा म्हणतो, "डिस्क नव्यानें तयार करा." पहिल्या सल्ल्यानें दार चोरांना मोकळें होतें, आणि दुसऱ्यानें दप्तरच पुसलें जातें. इतक्यांत घरांतल्या बाई शांतपणें विचारतात, "अहो, मोबाइलवर दिसतात का तीं कागदपत्रें?"

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. मोबाइलवर फोल्डर उघडत असेल, तर पेटी धडधाकट आहे आणि दोष त्या एका संगणकाचा आहे. कोणत्याच यंत्रावर उघडत नसेल, तर दोष पेटीचा, तारेचा किंवा राउटरचा. एका प्रश्नानें शोधाचें क्षेत्र निम्म्यानें कमी झालें. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं, तसें येथेंहि परीक्षा आधीं आणि उपाय मागाहून. शिवाय एका वेळीं एकच बदल करावा. पांच बदल एकदम केले, तर कशानें गुण आला आणि कशानें अपाय झाला हें कधींच कळत नाहीं.

पहिली परीक्षा वाटेची. पेटीचा दिवा लागला आहे काय, तार घट्ट बसली आहे काय, हें पाहावें. मग संगणक त्याच जाळ्यांत आहे ना, याची खात्री करावी. पाहुण्यांसाठीं वेगळें वायफाय ठेवण्याची सोय बहुतेक राउटरांत असते. त्याला जोडलेल्या यंत्राला इंटरनेट मिळतें, पण घरांतील इतर यंत्रें सहसा दिसत नाहींत. कचेरीच्या कामासाठीं लावलेलें व्हीपीएन बंद करावयाचें राहून गेलें, तरीहि कित्येकदां घरचीच पेटी दुरावते.

दुसरी परीक्षा पत्त्याची. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकी पत्ता देतो. घरगुती जाळ्यांत तो बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. हा पत्ता कायमचा असतोच असें नाहीं. वीज जाऊन आल्यावर पेटीला नवा पत्ता मिळूं शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावीत बसतो. म्हणून राउटरच्या यादींत पेटीचा चालू पत्ता पाहावा, आणि फाइलींच्या खिडकींतील पत्त्याच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढें तो लिहावा. नांवानें न उघडणारी पेटी आंकड्यानें उघडली, तर दोष केवळ नांवाच्या ओळखीचा ठरतो. राउटरमध्यें तो पत्ता त्या पेटीसाठीं राखून ठेवला, म्हणजे ही पीडा पुन्हां उद्‌भवत नाहीं. खुद्द संगणकाचाच पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाहीं, असें समजावें.

तिसरी परीक्षा परवानगीची. "मार्ग सांपडत नाहीं" आणि "प्रवेश नाकारला" हे दोन निरोप अगदीं भिन्न आहेत. दुसरा निरोप आला, तर आनंदच मानावा. कारण दारापर्यंत आपण पोंचलों आहों. पेटीचा पासवर्ड बदललेला असतो आणि संगणक जुनाच सादर करीत राहतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील ती जुनी नोंद काढून टाकावी. पेटीऐवजीं घरांतील दुसऱ्या विंडोज संगणकावर फाइली ठेवल्या असतील, तर तेथें रोजचा चार आंकडी पिन चालत नाहीं, खात्याचा पासवर्ड लागतो. अशा संगणकावर कुलुपेंहि दोन असतात, एक वाड्याच्या दिंडीचें आणि एक आंतल्या खोलीचें. सामाईक वापराची मुभा आणि फाइलीवरील मुभा यांत जी अधिक कडक, तीच लागू होते.

चौथी परीक्षा भाषेची, आणि खरा धोका येथेंच आहे. संगणक आणि पेटी ज्या ठरीव भाषेंत बोलतात, तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनींत झाला. पुढें अँड्र्यू ट्रिजेल यानें ऑस्ट्रेलियांत तीच भाषा बोलणारी 'सांबा' नांवाची प्रणालि रचली, आणि घरगुती पेट्यांपैकीं बहुतेक तिच्याच आधारें चालतात. या भाषेची पहिली आवृत्ति आतां जीर्ण झाली आहे. मोडी जुनी झाली म्हणून ती वाचण्यांत कांहीं अपाय नाहीं; या जुन्या भाषेंत मात्र आहे. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव जगभर पसरला, तो तिच्यांतील उणिवेचा फायदा घेऊन. दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद होऊन खंडणी मागितली गेली, आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचीं कामें अडलीं. त्या उणिवेवरचा उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच दिला होता. ज्यांनीं तो लावला नव्हता, त्यांच्यावर हा घाला पडला.

तेव्हांपासून विंडोजनें कडक धोरण धरलें. २०१७ च्या अखेरीपासून नव्यानें बसविलेल्या विंडोज १० मध्यें ही पहिली आवृत्ति सहसा दिलेलीच नसते. २०२४ मध्यें आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तींत तर प्रत्येक निरोपावर सही असावी असा दंडक आला, आणि प्रो आवृत्तींत बिनपासवर्डाच्या पाहुण्यालाहि मज्जाव झाला. म्हणून नवी आवृत्ति चढतांच जुनी पेटी एकाएकीं मुकी होते. अशा वेळीं जुनी भाषा पुन्हां चालू करण्याचा मोह आवरावा. पेटीचीच प्रणालि अद्ययावत करावी, तिच्यांत भाषेची दुसरी किंवा तिसरी आवृत्ति निवडावी, आणि पाहुण्याचें खातें बंद करून प्रत्येकाला नांव व पासवर्ड द्यावा. पेटी त्याहूनहि जुनी असेल, तर तींतील ऐवज दुसरीकडे उतरवून तिला सन्मानानें निरोप द्यावा.

परगांवच्या मुलीला पेटी थेट उघडतां यावी म्हणून राउटरमध्यें या भाषेचें दार बाहेरच्या जगाला उघडूं नये. त्यासाठीं व्हीपीएनचाच मार्ग धरावा. २०२० च्या टाळेबंदींत हिंजवडीच्या कंपन्यांतील मंडळी घरीं बसून कचेरीच्या फाइली उघडूं लागलीं, तेव्हां व्हीपीएन हा शब्द कित्येक घरांत प्रथमच ऐकूं आला.

सदाशिव पेठेंतील त्या घरीं पहिल्या परीक्षेंतच कळलें, कीं मोबाइलवर फोल्डर उघडतें. गुणपत्रिका त्याच रात्रीं मुलीला रवाना झाली, आणि मग निवांतपणें पेटींत पासवर्डाचें खातें उघडून संगणकाचीहि वाट मोकळी करण्यांत आली. तरी एक काम उरलेंच. पेटींत दोन डिस्का एकमेकींची नक्कल ठेवीत असल्या, तरी एकीवर चुकून पुसलेलें दुसरीवरहि पुसलें जातें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील किती घरांचे कागद एका दिवसांत चिखलांत गेले, हें जुन्या पुणेकरांना सांगावयास नको. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरीं, एखाद्या आप्ताच्या कपाटांत असावी. आणि ती उघडते कीं नाहीं, हें वर्षांतून एकदोनदां पाहून ठेवावें.