मॉरिशसचं तिकीट

(१९९८ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात २२ डिसेंबर २०२४ रोजी केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी आणि काहीसं धीराअभावी गाळलेले भाग इथे परत घातले आहेत.)



समितीने मला ‘आयटी क्षेत्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्या मुलांच्या नोकऱ्या जाणार की राहणार, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायचं आहे, याची मला कल्पना आहे. खरं सांगायचं तर ते मलाही माहीत नाही. वीस वर्षं मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहिते आहे आणि माझी स्वतःची नोकरी राहील का, एवढाच प्रश्न सध्या मला पडतो. तेव्हा विषय बदलते. मी पुढच्या ऑक्टोबरात सुट्टीवर जायचं ठरवते आहे. त्याबद्दल बोलते.

मॉरिशसला जाणार आहे. एकटी.

आपल्या भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही नकाशाची वही तपासताना बेटं विसरलेल्याला उभं करायचात. हिंदी महासागरात मादागास्कर सगळे काढायचे, कारण ते मोठं आहे. मॉरिशसचा ठिपका मी दोनदा विसरले आणि दोनदा उभी राहिले. २० अंश दक्षिण. मुंबई १९ अंश उत्तर. विषुववृत्तावर घडी घातली तर दोन्ही जवळजवळ एकाच ओळीवर येतात, असं तुम्ही सांगितलं होतं. ते तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं, आता विमानाचं तिकीट बघताना शिरलं. इथे ऑक्टोबर हीट सुरू असेल तेव्हा तिथे वसंत असतो. वादळांचे महिने पुढे, जानेवारी ते मार्च.

आता सुट्टीची गोष्ट भाषणात कशाला, असं वाटत असेल. तर सांगते. मी समलिंगी आहे. हा शब्द मराठीत फारच पुस्तकी वाटतो, पेपरातल्या अग्रलेखासारखा. साध्या भाषेत, मला बायका आवडतात. शाळेत असतानाही आवडायच्या, फक्त त्याला नाव असतं हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. (माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला इथून सांगते, तू नव्हतीस. निर्धास्त राहा.)

पुण्यात नऊ वर्षं मी एका मुलीबरोबर राहिले. तुमच्यापैकी सात-आठ जण घरी येऊन जेवून गेलात. ‘रूममेट’ म्हणून मी तिची ओळख करून दिली आणि तिने केलेली भरली वांगी तुम्ही दोनदा मागून घेतलीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळ्या झालो. भांडण कायद्यावरून नाही, समाजावरून नाही, तिला बंगळूरला चांगली नोकरी मिळाली आणि मला पुणं सोडवेना. नवरा-बायकोंचं मोडतं तसंच मोडलं. फरक एवढाच की ऑफिसात मला कोणाला सांगता आलं नाही. त्या आठवड्यात मी ‘व्हायरल’ म्हणून तीन दिवस रजा टाकली होती.

आम्ही दोघी खूप फिरलो. अंदमान दोनदा. प्रत्येक ठिकाणी बुकिंग करताना मी एक वाक्य न चुकता लिहायचे: दोन वेगळे पलंग हवेत. कोणी विचारलेलं नसायचं. उलट आपल्याकडे दोन बायकांना एक खोली, एक पलंग देताना हॉटेलवाला मान वर करूनही बघत नाही, नवरा-बायको मात्र आधार कार्डावरचं आडनाव जुळत नसेल तर अर्धा तास उभे. तरीही मी ते वाक्य लिहायचे. मग रात्री दोन पलंग सरकवून एकत्र करायचे आणि सकाळी खोली झाडायला बाई यायच्या आत परत लांब करायचे. फरशीवर पाय घासल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. नऊ वर्षांत एकही सुट्टी मी पलंग न ढकलता काढलेली नाही.

म्हणून यंदा ठरवलं, एक सुट्टी अशी घ्यायची की जिथे काही लपवायचं नाही. बरोबर कोणी नाही, हे खरं. पण लपवायची सवय एकटीने असतानाही जात नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे.

इंजिनिअर असल्यामुळे मी एक्सेल उघडलं. उभे रकाने बेटांचे, आडव्या ओळी निकषांच्या: कायदा काय म्हणतो, व्हिसा, एकट्या बाईला रात्री आठनंतर रस्त्याने चालता येतं का, एका माणसाचा खर्च, शाकाहारी जेवण.

मालदीव पहिल्याच ओळीत गेलं. सगळ्यांच्या फेसबुकवर पाण्यातल्या त्या झोपड्या असतात, पण तिथल्या २०१४ च्या दंडसंहितेत समलिंगी संबंध गुन्हा आहे, बायकांसाठीसुद्धा. श्रीलंकेची गंमत ऐका. तिथेही इंग्रजांचंच कलम, आपल्या ३७७ चं भावंड. मूळ कलम पुरुषांपुरतं होतं. १९९५ साली दुरुस्ती झाली तेव्हा ‘पुरुष’ काढून ‘व्यक्ती’ घातलं. म्हणजे स्त्रियांना समान हक्क मिळाला, तुरुंगात जायचा. बालीसाठी वाचलं तर इंडोनेशियाने डिसेंबर २०२२ मध्ये नवी दंडसंहिता मंजूर केली आहे, लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा, पण तक्रार फक्त जोडीदार, आईवडील किंवा मुलंच करू शकतात. माझी आई तक्रार करायला बालीपर्यंत जाईल असं वाटत नाही, तिला बोट लागते. तरी नको.

थायलंड सगळ्यांत जास्त गुण मिळवून पहिलं आलं. तिथे येत्या २३ जानेवारीपासून दोन बायकांना, दोन पुरुषांना रीतसर लग्न करता येणार आहे. आग्नेय आशियात पहिला देश. व्हिसाची कटकट नाही. शहाण्या माणसाने फुकेतलाच जावं, आणि तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला किंवा मुलीला पुढेमागे विचारायचं असेल तर मी तेच सांगेन. पण फुकेतबद्दल मी जे जे वाचलं ते बहुतेक पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं. कुठला बार, कुठला शो, कुठली गल्ली रात्री किती वाजता जागी होते. मी दहाला झोपते. बेचाळिसाव्या वर्षी एकट्या जाणाऱ्या बाईने दिवसभर काय करावं, यावर कोणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत.

मॉरिशस दुसरं आलं होतं. तिथेही १८३८ पासून एक कलम होतं. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ४ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते संमतीच्या संबंधांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. तारीख माझ्या लक्षात राहायचं कारण, बरोबर तेरा दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. मी त्या दिवशी ऑफिसात थेट प्रक्षेपण बघत होते, स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी खिडकी करून. कोणी मागून आलं की बंद. २००९ ला दिल्लीच्या निकालाला मी सत्तावीस वर्षांची होते, २०१३ ला तो उलटला तेव्हा एकतीस, २०१८ ला ३७७ मधून आमची सुटका झाली तेव्हा छत्तीस. तुम्ही आपली वयं मुलांच्या इयत्तांवरून मोजता. मी अशी मोजते.

कायदा गेला म्हणजे लोक बदलले असं नाही, हे मला आपल्याकडचं माहीत आहे, तिथलंही वेगळं नसणार. पोर्ट लुईच्या बाजारात मी कोणाचा हात धरून फिरणार नाही. अर्थात हात धरायला कोणी असावंही लागतं.

आता एक्सेलमधली शेवटची ओळ सांगते. ती इथे वाचायची नाही असं ठरवलं होतं. ‘मराठी माणसं भेटण्याची शक्यता.’ या ओळीला मी उणे गुण दिले होते. आणि मॉरिशसला सर्वांत जास्त उणे पडले, म्हणूनच ते दुसरं गेलं.

कारण तिथे मराठी लोक आहेत. परवा फिरायला गेलेले नव्हे, पावणेदोनशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले, आणि त्यातले बरेच आपल्याच कोकणातले. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर त्या बंदरात उतरले. बोटीतून उतरून सोळा दगडी पायऱ्या चढायच्या आणि मग नोंद व्हायची. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ते युनेस्कोचं वारसास्थळ आहे. त्यांचे पणतू-खापरपणतू आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आपल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात. त्या बेटावर महाराष्ट्र भवन आहे, गेल्या वर्षी तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा बसला.

म्हणजे बघा. मी पुण्यातून, आईपासून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून, साडेचार हजार किलोमीटर लांब एका बेटावर मोकळा श्वास घ्यायला जाणार, आणि तिथे एखादी आजी मला विचारणार, ‘लग्न झालं का गं तुझं?’

या एका प्रश्नाच्या भीतीने मी अख्खं बेट खाली ढकललं होतं. रात्री एक वाजता त्या आकड्याकडे बघत बसले होते. आपण सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधतो तेव्हा शेवटी ती बहुतेक वेळा आपणच घातलेल्या एखाद्या ओळीत सापडते. मी ती ओळ काढून टाकली. मॉरिशसचे आणि थायलंडचे गुण सारखे झाले. मग मी नकाशाच्या वहीची आठवण काढली आणि मॉरिशस पक्कं केलं. बाई, वशिला लावला म्हणा.

पुढचं सोपं वाटलं होतं. ट्रॅव्हल एजंटने विचारलं, “मॅडम, मिस्टर नाही येणार?” म्हटलं, नाही. “मॉरिशस म्हणजे हनिमून, मॅडम. सिंगलला पॅकेजच नाही.” खोलीचा दर दोघांचा, एकटी गेलं तरी जवळजवळ तेवढाच. आयुष्यभर दोघींना दोन पलंग मागितले, आता एकटीला डबल बेडचे पैसे.

शेवटी मीच पश्चिम किनाऱ्यावरच्या पाच गेस्टहाउसना मेल लिहिली. तीन ओळींची मेल, तिला तीन संध्याकाळी लागल्या. मी एकटी येते आहे, मी समलिंगी आहे, तुमच्याकडे याची काही अडचण असेल तर आत्ताच सांगा. बँकेच्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता बदल करताना माझा हात कापत नाही, ही मेल पाठवताना कापला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने छान पत्र लिहून खाली हनिमूनची पुस्तिका जोडली. एकाने ‘आम्ही सर्वांचं स्वागत करतो’ असं कंपनीछाप कळवलं. आणि एका बाईने लिहिलं: खोली मोकळी आहे, नाश्ता साडेसातला, आमच्याकडे म्हातारा कुत्रा आहे तो तुम्हाला चालेल का? बाकी प्रश्नाला तिने उत्तरच दिलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं की तिच्या दृष्टीने अडचणीची एकच गोष्ट होती आणि ती तिने विचारली होती. मी लिहिलं, कुत्रा चालेल.

आईला सांगितलं. माझ्याबद्दल तिला २०१९ पासून माहीत आहे. तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “म्हणजे मी गेल्यावर तुझं कोण?” यावेळी तिचा आक्षेप वेगळाच निघाला. “एकटी कशाला जातेस? निदान चार मैत्रिणी तरी घेऊन जा.” मी म्हटलं, आई, तुला कळतंय का तू काय म्हणते आहेस? तिला कळलं, आणि ती हसली. त्या विषयावर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

तर तिथे काय करणार? आप्रवासी घाटाच्या त्या पायऱ्या चढणार. ल मॉर्नचा डोंगर बघणार, पळून गेलेले गुलाम तिथे लपून राहायचे. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी खाणार, फोटोत ती पुरणपोळीच्या तिखट बहिणीसारखी दिसते. कोणी ओळखीची झालीच तर कॉफी प्यायला जाईन, आणि काय करते हे विचारल्यावर खरं सांगेन. नाहीच झाली तर पुस्तकं नेते आहे. आणि गणपती होऊन गेलेले असले तरी महाराष्ट्र भवनात जाणार. आजीने विचारलं तर उत्तर देणार. त्या उत्तराची तालीम कुठेतरी करायला हवी होती. तुमच्याइतका जुना श्रोतृवर्ग मला दुसरा सापडला नाही.

एक काम राहिलं. प्रवासाच्या विम्याच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना असतो. नऊ वर्षं तिथे एकच नाव लिहिलं. यंदा तो रकाना आठवडाभर कोरा होता. आई एकाहत्तरची आहे, तिला परदेशातून रात्री फोन आला तर तिचंच काही व्हायचं. मग मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर टाकला, तिला न विचारता. ‘नातं’ या ठिकाणी ‘शाळा’ असं लिहिलं. संगणकाने ते स्वीकारलं. तिची हरकत असेल तर जेवणाच्या पंगतीत सांगावं, अजून बदलता येतं.

आणि हो, खाडीकाठी वाढूनही मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. नववीच्या सहलीला कोणी कोणी ओढून बाहेर काढलं ते इथे बसलेत. पुण्यात पोहण्याचा क्लास लावला आहे, सहा जानेवारीपासून, सकाळी सहाची बॅच. माझ्याबरोबर सगळी आठ-दहा वर्षांची मुलं आहेत.

आमटी गार होते आहे, असा मागून निरोप आला आहे.